वाढलेल्या बांगड्या

मराठी घरात बांगडी कधी फुटत नाही, ती ‘वाढते’. नारळही आपण फोडत नाही, वाढवतो. आणि घराबाहेर पडताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही, त्याच्या जागी शुभ शब्द ठेवायचा, ही आपल्या भाषेची जुनी खोड. दरवर्षी वर्गात अर्थपरिवर्तन शिकवताना मी हीच उदाहरणे देतो. मुली हसतात, कारण बांगडी वाढल्याचा अनुभव त्यांना असतो. मुलगे वहीत उतरवून घेतात, कारण प्रश्न परीक्षेला येतो. पण आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, जिथे इतरांच्या घरी लोणच्याची बरणी असते, तिथे वाढलेल्या बांगड्यांच्या तुकड्यांनी गळ्यापर्यंत भरलेली काचेची बरणी आहे, हे मी वर्गात कधी सांगितलेले नाही.

ही बरणी माझ्या थोरल्या बहिणीची. आम्ही तिला अक्का म्हणतो. नाव लिहायचे नाही, या अटीवर तिने मला हा लेख लिहायची परवानगी दिली आहे.

आमचे लहानपण कऱ्हाडला गेले. कऱ्हाडजवळच ओगलेवाडी, १९१६ साली ओगले बंधूंनी सुरू केलेल्या काच कारखान्याचे गाव. ‘प्रभाकर’ कंदील तिथलाच. पुढे कारखाना बंद पडला, पण आमच्या घरचा कंदील चालूच राहिला, कारण विजेचा भरवसा नव्हता. संध्याकाळ झाली की राखेने आणि रद्दीच्या कागदाने कंदिलाची काच पुसणे हे अक्काचे काम. ती काच उजेडापुढे धरून गोल फिरवायची, फुंकर मारायची, पुन्हा पुसायची. मी सहा वर्षांनी लहान. मला हात लावू द्यायची नाही. एकदा तापलेल्या काचेवर मी गंमत म्हणून पाण्याचे बोट झटकले. काच टण् करून तडकली. मार बसला तो अक्काला. मी पडवीत लपलो होतो.

अक्का चित्रकलेची परीक्षा पास होऊन एका शाळेत शिक्षिका झाली. १९९९ च्या दिवाळीनंतर, ती पंचवीस वर्षांची असताना, तिची झोप उडाली. पहिले चार-पाच दिवस आम्हाला कौतुकच वाटले. रात्रभर जागून ती शाळेच्या स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवी, पहाटे अंगणभर रांगोळी काढी, सकाळी ताजीतवानी शाळेत जाई. मग तिने पगार संपवून बारा साड्या आणल्या. मग एका रात्री शाळेची किल्ली मिळवून तिने तीन वर्गांच्या भिंती निळ्या रंगवल्या. बोलणे इतके वेगात की एक वाक्य दुसऱ्यावर चढावे. महिन्याभराने हे सगळे ओसरले, आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली ती उन्हाळा संपेपर्यंत. शाळेने नोकरीवर घेतले नाही. ठरत आलेले लग्न मोडले.

आम्ही काय केले? जे सगळे करतात तेच. औदुंबरला नेले, नरसोबाच्या वाडीला नेले. तिथे तिच्यासारख्याच लेकींना घेऊन बसलेल्या आया पाहून आमच्या आईला निदान आपण एकटी नाही एवढा दिलासा मिळाला. मी त्याला नावे ठेवणार नाही. नातेवाइकांना मात्र सांगितले, “अक्का पुण्याला कोर्स करायला गेलीय.” हे वाक्य प्रथम मी उच्चारले, आणि ते इतके सोयीचे ठरले की पुढे पाच-सहा वर्षे घरातला प्रत्येकजण तेच बोलत होता. शेवटी वडिलांच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याने मनोविकारतज्ज्ञाचे नाव सुचवले. डॉक्टरांनी दोन तास ऐकून घेतले आणि रोगाचे नाव सांगितले. मन कधी उन्मादाच्या टोकाला तर कधी औदासीन्याच्या टोकाला जाते, म्हणून त्याला द्विध्रुवी विकार म्हणतात. औषध लिहून दिले लिथियमचे. लिथियम हा दगडातून निघणारा एक हलका धातू. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादाच्या रोग्यांवर त्याच्या क्षाराचा गुण दाखवून दिला, आणि आजही या विकारावरच्या मुख्य औषधांत ते मोजले जाते. गोळी स्वस्त, पण रक्तातले तिचे प्रमाण वेळोवेळी तपासावे लागते. कमी पडले तर उपयोग नाही, जास्त झाले तर विष.

औषधाने अक्का सावरली. पूर्वीची झाली असे मात्र नाही. चढउतार सौम्य झाले, पण येत राहिले. आणि चित्र काढणे तिने सोडले ते सोडलेच. कागद पुढे ठेवला तर म्हणायची, “पांढरं बघवत नाही.”

काच आमच्या घरात आली ती २००८ साली, वडील गेले तेव्हा.

त्या वेळी अक्काचा उदासीचा फेरा चालू होता. चार महिने तिचा आवाज आम्ही ऐकला नव्हता. वडिलांचा देह नेल्यावर बायकांनी आईला मागच्या अंगणात नेले आणि धुण्याच्या दगडावर तिच्या हिरव्या बांगड्या वाढवल्या. इथे ‘वाढवल्या’ म्हणताना माझी जीभ अडखळते. त्या फोडल्याच होत्या. ही रीत आमच्यात चुकत नसे, आणि मी मराठीचा एम. ए. झालेला मुलगा परसदारी उभा राहून ते पाहत होतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ राज्य सरकारनेही तसे परिपत्रक काढले. एका खेडेगावाने जे केले ते माझ्या मनात चौदा वर्षे आधी का आले नाही, याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

संध्याकाळी अक्का खोलीतून बाहेर आली. कोणाकडे न पाहता परसात गेली, दगडापाशी बसली आणि ओढणीत एकेक तुकडा गोळा करू लागली. आत्या ओरडल्या, “अगं, हात नको लावूस त्याला! वेड बीड लागलंय का?” शब्द तोंडातून गेला आणि आत्याच ओशाळल्या. अक्का म्हणाली, “आईच्या आहेत.” चार महिन्यांतले तिचे हे पहिले वाक्य.

पुढच्या पंधरा दिवसांत माळ्यावरून तिने मोडक्या खिडकीची एक काच खाली काढली, बाजारातून पारदर्शक डिंक आणवला आणि त्या काचेवर हिरवे तुकडे एकाला एक लावून चिकटवायला सुरुवात केली. वेल नाही, फूल नाही, मोर नाही. नुसत्या ओळी. काही ठिकाणी तुकडे दाटीने, काही ठिकाणी विरळ. आणि मधेच वीतभर मोकळी काच. मी साहित्याचा माणूस. विचारल्यावाचून राहवले नाही.

“हे काय आहे?”

“दिवस आहेत.”

“आणि मोकळी जागा?”

“ते दिवस मला आठवत नाहीत.”

दुपारच्या वेळी ती काच खिडकीशी टेकवली की ऊन आरपार येऊन जमिनीवर हिरवे डाग पडत. आई त्या डागांत पाय ठेवून बसे. आपल्या बांगड्या तिने ओळखल्या होत्या, पण त्याबद्दल ती अक्काशी कधी बोलली नाही. नऊ वर्षांत डॉक्टरांना, मांत्रिकाला, मला, कोणालाही अक्काने आपल्या आजाराविषयी एवढे सांगितले नव्हते जेवढे त्या खिडकीच्या काचेवर होते.

पुढच्या वर्षी आम्ही सारे पुण्याला आलो. तिथे तिने काचकाम रीतसर शिकून घेतले. थोडे एका काचवाल्याच्या दुकानात उभे राहून, थोडे रंगीत काचेच्या एका शनिवार-रविवारच्या वर्गात. त्या विद्येतली पहिली गोष्ट तिने मला मोठ्या खुशीत सांगितली: काच कापताच येत नाही. काचवाला ज्याला ‘हिरा’ म्हणतो त्या हत्याराने तिच्यावर एक बारीक ओरखडा ओढायचा, आणि मग दोन्ही हातांनी त्या रेघेवर ती मोडायची. ओरखडा एकदाच ओढायचा. चुकला म्हणून त्याच रेघेवरून पुन्हा फिरवला की काच हवी तिथे मोडत नाही, तिला वाटेल तिथे मोडते. बरोबर ओढलेल्या रेघेचा आवाज नवे कापड टरकावल्यासारखा सलग येतो. मधे तुटला की समजावे, काच हातची गेली.

नंतर तुकड्याच्या कडा पाण्यात घासायच्या. प्रत्येक कडेला तांब्याची पातळ फीत गुंडाळायची; तिला एका बाजूने गोंद असतो. मग तुकडे शेजारी शेजारी मांडून कथील-शिशाच्या मिश्रधातूचा डाख द्यायचा. अमेरिकेतल्या लुई टिफनी यांच्या कारखान्यातल्या दिव्यांमुळे ही तांब्याच्या फितीची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गाजली. त्याआधीच्या युरोपातल्या प्रार्थनामंदिरांतून शिशाच्या खोबणीदार पट्ट्यांत काचा बसवीत. डाख द्यायचे सोल्डरिंग आयर्न साफ करायला नवसागर लागतो. पहिल्या दिवशी त्याचा धूर घरात पसरला आणि आई देवघरातून म्हणाली, “कल्हईवाला आला का रे?” तीस वर्षांपूर्वीची आमची कऱ्हाडची गल्ली क्षणभर त्या फ्लॅटमध्ये येऊन गेली. शिशाचा धूर वाईट, म्हणून अक्का गॅलरीत बसून काम करते आणि हात साबणाने धुतल्याशिवाय पाण्याच्या भांड्याला शिवत नाही. या बाबतीत ती आईच्या सोवळ्यापेक्षाही कडक आहे.

परीक्षेच्या कामासाठी मी मुंबई विद्यापीठात गेलो तेव्हा तिला बरोबर नेले. राजाबाई टॉवरखालच्या ग्रंथालयात (१८७८ साली हे बांधकाम पुरे झाले) रंगीत काचांच्या मोठाल्या खिडक्या आहेत. मला वाटले, ती रंग पाहून हरखेल. ती पाहत होती शिशाच्या काळ्या रेघा. “जोड लपवलेले नाहीत,” एवढेच म्हणाली, आणि परतीच्या गाडीत तिकिटाच्या मागे रेघा काढत बसली.

भट्टीचाही प्रयोग झाला. मातीची भांडी करणाऱ्या एका बाईंकडे विजेची भट्टी होती. आठशे अंशांच्या आसपास काचेचे तुकडे एकमेकांत विरघळून एक होतात. अक्काने खिडकीच्या काचेवर बांगड्यांचे तुकडे मांडून भट्टीत दिले. बाहेर आलेला तुकडा फारच देखणा होता. तिसऱ्या दिवशी रात्री, कोणी हात न लावता, तो कपाटात तडकला. बाईंनी समजावून सांगितले: प्रत्येक जातीची काच तापल्यावर वेगवेगळी फुगते आणि निवताना वेगवेगळी आकसते. दोन जाती जबरदस्तीने एक केल्या तर वरून दिसत नाही, पण आत ताण राहतो. एकाच जातीची काचसुद्धा पाचशे अंशांच्या सुमारास बराच वेळ धरून, मग सावकाश निववावी लागते. घाई केली तर ती आठवड्याने तडकेल, नाहीतर वर्षाने. अक्का हे ऐकत होती आणि मी अक्काकडे पाहत होतो. रुग्णालयातून घरी आणल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आम्ही तिला चुलत बहिणीच्या लग्नात मिरवायला नेले होते, ‘आता बरी आहे’ हे लोकांनी पाहावे म्हणून.

याच सुमारास तिला आणखी एक माहिती मिळाली आणि ती दिवसभर हसत होती. काच करताना मिश्रणात लिथियमची संयुगे घातली तर ते कमी उष्णतेवर वितळते, आणि तयार काच तापल्या-निवल्याने फारशी फुगत-आकसत नाही. विजेच्या शेगडीचा काचेसारखा गुळगुळीत पृष्ठभाग लालबुंद होऊनही तडकत नाही, त्याचे श्रेय बरेचसे लिथियमला. “म्हणजे डॉक्टर मला बारा वर्षं शेगडी करतायत!” ती म्हणाली. आजारावर केलेला तिचा हा पहिला विनोद. आम्ही हसावे की नाही, या विचारात सगळे गप्प राहिलो. आई मात्र हसली.

आता माझ्या शास्त्रातली एक गोष्ट. मराठीत ‘ती काच’ म्हणजे आरसा-तावदानाची काच. ‘तो काच’ म्हणजे जाच, छळ. चपलेचा काच होतो तसा सासूचा काच होतो. शब्द तोच, लिंग बदलले. हे मी अक्काला सांगितले तर म्हणाली, “दोन्हींनी रक्त येतं, मग शब्द दोन कशाला हवेत?” भाषाशास्त्रावरचे याहून चांगले भाष्य मी अजून ऐकलेले नाही.

दुसरीही एक गोष्ट मी तिला वाचून दाखवली होती, जरा भीतभीतच. युरोपात एके काळी काही रोग्यांना आपण काचेचे झालो आहोत असा भ्रम होत असे. फ्रान्सचा राजा सहावा शार्ल (१३६८ ते १४२२) याच्याविषयी लिहून ठेवले आहे की, आपण फुटू नये म्हणून तो कपड्यांत लोखंडी सळया शिवून घेई. सर्व्हान्टिसने १६१३ साली छापलेल्या एका कथेत असाच एक काचेचा पंडित आहे. देकार्तनेही आपल्या १६४१ च्या ग्रंथात अशा लोकांचा उल्लेख केला आहे. अक्काने लक्षपूर्वक ऐकले. “मला असं कधी नाही वाटलं,” ती म्हणाली. “मी काचेची नव्हते. मी काचेच्या पलीकडे होते. तुम्ही सगळे दिसायचात. तोंडं हलायची. काही आत यायचं नाही.” त्यानंतर तिने एक काम केले: सहा माणसांच्या आकृती, साध्या पांढऱ्या काचेच्या, जेवायला बसल्यासारख्या, त्यांच्यापुढे दुसरी काच, खरखरीत, दुधाळ. जवळ जावे तो माणसे पुसट होतात आणि लांबून पाहावीत तर स्पष्ट. ते आमच्या दिवाणखान्यात आहे. पाहुणे विचारतात, “कुठून आणलं?”

मनोरुग्णांच्या हातच्या कामाकडे कला म्हणून पाहायला जगाला उशीरच झाला. जर्मनीत हायडेलबर्गच्या हान्स प्रिन्झहॉर्न या डॉक्टरांनी वेड्यांच्या इस्पितळांतून अशी हजारो कामे गोळा केली आणि १९२२ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. त्या संग्रहात आग्नेस रिश्टर नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईचे एक जाकीट आहे. इस्पितळाच्या कापडाचे ते जाकीट तिने आतबाहेर अक्षरांनी भरतकाम करून टाकले आहे. पुष्कळशी अक्षरे आज लागत नाहीत. आपल्याकडे रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना तेराव्या शतकातले लोक वेडे म्हणत आणि पायाही पडत. पण देवमाणसाच्या वेडाला जी सवलत मिळते ती चित्रकलेच्या शिक्षिकेला मिळत नाही.

येथवर लेख सरळ आला. पुढचे लिहिणे मला जड जाते.

लिथियमने हात बारीक थरथरतात. सगळ्यांचे नाही, पण पुष्कळांचे. चहाचा कप धरताना चालून जाते. काचेवर ओरखडा ओढताना चालत नाही. २०१६ साली काही हौशी कलावंतांनी मिळून प्रदर्शन भरवायचे ठरवले आणि अक्कालाही बोलावले. ती कामाला लागली. एका संध्याकाळी तिचे नवे तुकडे पाहत असताना मी, शहाण्या परीक्षकाच्या थाटात, म्हणालो, “अक्का, पूर्वीच्या रेघा जास्त सफाईदार होत्या, नाही?”

एवढेच. वाईट हेतू नव्हता.

तिने गोळ्या बंद केल्या. कोणाला सांगितले नाही. दोन-तीन आठवड्यांत हात स्थिर झाला. पुढच्या दीड महिन्यात तिने चार फूट उंचीची एक निळी खिडकी उभी केली. तिच्यात इतके बारीक तुकडे आणि इतक्या धारदार रेघा होत्या की मी कॉलेजातल्या मित्रांना बोलावून दाखवली. ती रात्री दोन वाजता गॅलरीत दिवा लावून बसते हे मला माहीत होते. ती जेवणावरून मधेच उठते हेही दिसत होते. सतरा वर्षांपूर्वीच्या वर्गांच्या निळ्या भिंती मला आठवायला हव्या होत्या. मी मात्र ‘प्रतिभा’ हा शब्द वापरत होतो. लक्षात आले ते पत्नीच्या. औषधाचे पाकीट तिने मोजले आणि मला झोपेतून उठवून दाखवले. तोवर उशीर झाला होता. प्रदर्शन उघडले त्या दिवशी अक्का रुग्णालयात होती. नंतर आठ महिने पुन्हा भिंतीकडे तोंड.

त्या महिन्यांत तिला मी एकदाच विचारले, का बंद केल्यास? ती म्हणाली, “तुला थरथर दिसली.”

निळी खिडकी माळ्यावर आहे, तोंड भिंतीकडे करून. अक्का ती पाहत नाही आणि टाकूही देत नाही. पाहणाऱ्यांत जाणकार होते, त्यांनी तीच तिची सर्वोत्तम कृती म्हटली. असेल. त्या खिडकीची किंमत कोणी दिली हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि मला ठाऊक असूनही ती आवडते, याची लाज वाटते.

सावरल्यावर तिने डॉक्टरांना प्रथमच थरथरीचे सांगितले. इतकी वर्षे सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते. त्यांनी मात्रा थोडी कमी केली, रक्ताची तपासणी जवळजवळ आणली. मूत्रपिंड आणि थायरॉइड यांच्याही तपासण्या असतात. थरथर पुष्कळ कमी झाली, गेली नाही. मग तिने स्वतःच युक्ती काढली. श्वास सोडता सोडता रेघ ओढायची. आणि सरळ रेघांचे नमुने सोडून द्यायचे. आता तिच्या कामात पाणी असते, धूर असतो, वाळत घातलेल्या साड्या असतात. रेघ थोडी हलली तर पाणीच हलते. बांगडीचे तुकडे तर आधीच वाकडे. ती ते काचेवर उभे चिकटवते आणि फटींत फरशीच्या सांध्यांत भरतात तो काळा लेप भरते. फिरोझाबादेत बांगडी होताना काचेचे वेटोळे कापून सुटी कडी करतात आणि मग ज्योतीवर तिची दोन टोके जुळवतात. हे जुळवणीचे काम पुष्कळदा बायका घरी बसून करतात. म्हणून प्रत्येक बांगडीला एक सांधा असतो. अक्का तुकडे निवडताना सांध्याचे तुकडे बाजूला काढते. ते वेगळ्या डबीत आहेत. त्यांचे काय करणार, ते अजून ठरलेले नाही.

बरणी भरते ती सोसायटीतल्या बायकांमुळे. पूर्वी फुटकी काच घरात ठेवतात म्हणून ज्या नाक मुरडत, त्याच आता कागदाच्या पुडीत वाढलेल्या बांगड्या आणून देतात. तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई मागच्या वर्षी अशीच पुडी घेऊन आल्या आणि देऊन झाल्यावर दारातच उभ्या राहिल्या. त्यांचा मुलगा इंजिनियरिंग सोडून दोन वर्षे खोलीत बसून होता. बिल्डिंगमध्ये सांगितले होते, तो बंगलोरला असतो. मी आत होतो. ते वाक्य ऐकून माझी मान खाली गेली. अक्काने उपदेश केला नाही. डॉक्टरांचा पत्ता दिला. रात्री-अपरात्री धीर सुटला तर ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, २०२२ पासून तो चालू आहे, तेही एका कागदावर लिहून दिले. आणि म्हणाली, “त्याला वेळ असेल तर पाठवा. रंग वेगळे करायचेत. मला दुपारी डोळ्यांनी नीट लागत नाही.”

डॉक्टरांकडे जायला त्याला चार महिने लागले. आमच्याकडे तो पुढच्याच आठवड्यात आला. मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, खाली मान घालून हिरव्यातला पोपटी वेगळा करतो, सहाला उठून जातो. अक्का त्याला काही विचारत नाही. काच औषध आहे असे तिचे मुळीच म्हणणे नाही. गोळी चुकली का, एवढे मात्र तिने त्याला दोनदा विचारलेले मी ऐकले आहे. परवा त्याने एक तुकडा उजेडात धरून तिला दाखवला. दोघे बराच वेळ त्या तुकड्याकडे पाहत होते. काय होते त्यात, मला दिसले नाही.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी अक्कापुढे ठेवला. तिने पेन्सिल घेऊन तो वाचला, शाळेत वह्या तपासत असे तसा. निळ्या खिडकीचे मी केलेले वर्णन तीन ओळींचे होते; तिने एक ठेवली. मी एके ठिकाणी ‘अक्का बरी झाली’ असे लिहिले होते. त्यातले ‘झाली’ खोडून तिने वर ‘आहे’ लिहिले. म्हणाली, “तुमच्या व्याकरणात काय म्हणतात ते तू बघ.” मग कंदिलाच्या काचेचा प्रसंग पुन्हा वाचला.

“पाणी तू उडवलंस होय?” ती म्हणाली. “मला वाटत होतं, माझ्याच हातून पुसताना ओली राहिली.”

या दिवाळीला ती गॅलरीसाठी आकाशकंदील करते आहे, सहा बाजूंचा, खालच्या मजल्यांच्या बांगड्यांचा. दोन बाजू व्हायच्या आहेत. उद्या सकाळी आठ वाजता, रात्रीच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी, तिचे रक्त तपासायला द्यायचे आहे. येताना डाखाची तार पाव किलो आणि नवसागराची वडी आणायला तिने मला सांगितले आहे.